पहिली येते ती फसवी

आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि ते नाही म्हणून कुणाचं काही अडतही नव्हतं, कारण फुई होती. फुई म्हणजे माझ्या बाची थोरली बहीण. पेठच्या पलीकडच्या आमच्या डोंगरात आत्याला फुईच म्हणतात. लग्नानंतर मूलबाळ झालं नाही, मग नवराही गेला, आणि एक पितळी तांब्या आणि एक घोंगडी घेऊन ती माहेरी परत आली ती कायमची. घरात तिची म्हणून ठरलेली कामं फार नव्हती. पाणी आई आणायची, गुरं बा बघायचा, लाकूडफाटा ज्याला वेळ मिळेल तो. फुईचं काम एकच होतं, सगळ्यांना उठवायचं. आईला जात्यावर नागली दळायला उठवायचं, बाला औत घेऊन जायला उठवायचं, आणि दिवाळीनंतर माणसं द्राक्षाच्या बागांत मजुरीला निघाली की अख्ख्या पाड्याला उठवायचं, कारण मजुरांना न्यायला येणारा ट्रक खाली रस्त्यावर थांबायचा तो फार वेळ थांबत नसे. रात्री निजानीज व्हायच्या वेळी कुणीतरी कुडापलीकडून ओरडायचं, "फुये, मला पहाटं जायचंय बरं का!" आणि फुई आतून म्हणायची, "नीज तू गुमान. मी हाय ना." तेवढं ऐकलं की माणूस खरंच निर्धास्त झोपायचा. मी सुद्धा. आयुष्यात मी तशी झोप पुन्हा झोपले नाही.

ती वेळ ओळखायची ती चांदण्यांवरून. पण नुसती वेळेपुरती बघायची असं नाही. तिला ते बघायचं वेड होतं. पाड्यातल्या दुसऱ्या बायका जेवणानंतर विस्तवाभोवती बसून तपकीर ओढायच्या, कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते बोलायच्या, आणि फुई मात्र घोंगडी काखेत मारून खळ्यावर जायची. आमचं खळं घराच्या वरच्या अंगाला होतं, शेणानं सारवलेलं, चारी बाजूंनी मोकळं. मी तिच्या मागे. घरातून आई भांडी घासत असल्याचा आवाज यायचा, गोठ्यात बैल मान हलवायचा तेव्हा घुंगरू वाजायचं, आणि माझ्या हाताला अजून नागलीच्या भाकरीचा आणि खुरासणीच्या चटणीचा वास असायचा. घरातला दिवा एकदा विझला की उजेड म्हणून कुठं काही राहत नसे. समोरचा डोंगरही दिसायचा नाही, फक्त जिथं चांदण्या संपल्या तिथं डोंगर आहे एवढं कळायचं. आज मी कुणाला सांगते की आमच्याकडे चांदण्यांच्या उजेडात पायवाट दिसायची, तर पोरं माझ्याकडे बघतात, आजी थापा मारते म्हणून.

चांदण्यांची सगळी नावं फुईची स्वतःची होती. उत्तरेकडच्या चार चांदण्या म्हणजे म्हातारीची बाज, आणि तिच्या मागच्या तीन म्हणजे बाज पळवायला आलेले तीन चोर. "मग म्हातारी का ओरडत नाय?" मी विचारायची. "ओरडली तर बाज हलंल ना, बाई. झोपलीय ती वर." दक्षिणेकडचा विंचू, हिवाळ्यातलं तीन चांदण्यांचं तिकांडं, आणि एक बारीक चांदण्यांचा घोळका होता त्याला ती झुमका म्हणायची. झुमक्यात किती मणी दिसतात यावर आमची रोजची भांडणं. ती म्हणायची सहा, मी म्हणायची सात. "लबाड हायस. एक मणी तुझ्या डोळ्यातला हाय," असं म्हणून ती माझ्या पापण्या दोन बोटांनी मिटायची आणि मी पुन्हा उघडून पुन्हा सातच सांगायची. आकाशातून जो पांढरा पट्टा जायचा त्याला ती गुरांची वाट म्हणे. इतकी गुरं गेली, की धूळ अजून बसायचीय.

पण तिची एक गोष्ट मला सगळ्यांत पक्की आठवते, आणि या प्रकरणाचं सगळं त्याच गोष्टीत आहे. पहाटे पूर्वेला एक मोठी चांदणी येते. ती आली की समजायचं, आता उजाडायला फार नाही. शुक्र. सगळ्यांना माहीत असते ती. पण काही काही वर्षी तिच्या आधी तशीच एक दुसरी येते, तशीच मोठी, तशीच शांत, न लुकलुकणारी. तिला बघून जो उठला तो फसला. फुई म्हणायची, "पहिली येते ती फसवी. मागनं येते ती खरी." आणि कशी ओळखायची, तर तिच्याकडे बघून नाही. "कुठल्याच एका चांदणीवर इस्वास ठेवायचा नाय, हिरे. ती काय, मीच शुक्र म्हणंल. तिच्या शेजाऱ्यांना इचारायचं. बाज कुठं टेकली? विंचवाचं शेपूट कुठं गेलं? शेजारी खोटं बोलत नाय." माझं नाव हिरा. हिरे म्हणणारं माणूस आता कुणी उरलं नाही, म्हणून ते इथं लिहिताना बरं वाटलं.

बा तिची चेष्टा करायचा. "आमच्या अक्कानं वर सगळी सोयरीक जमवलीय. खाली एक नवरा टिकला नाय, वर गावभर शेजारी." फुई चिडायची नाही. "वरचे शेजारी भांडायला येत नाय ना," म्हणायची.

मी सातवीत असताना आमच्या गुरुजींनी माझं नाव नाशिकच्या एका मुलींच्या निवासी शाळेच्या परीक्षेसाठी पाठवलं. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं शाळेचं. परीक्षेत नाव आलं तर दहावीपर्यंत बघावं लागणार नव्हतं. नाही आलं तर काय, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे सातवीनंतरची शाळा पेठला, आणि रोज पेठला जायचं म्हणजे पायी शक्य नव्हतं. मग दिवाळीनंतर आईबरोबर बागेत. गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. आईनं त्यांना कोरा चहा दिला. ते म्हणाले, "परीक्षा सकाळची आहे. आदल्या दिवशीच पोरीला घेऊन पेठला माझ्या खोलीवर मुक्कामाला या. तिथून आपण सगळे बरोबर जाऊ."

बा हो म्हणणार होता. तेवढ्यात फुई आतून बोलली, "कशाला मुक्काम? फाट्यावरनं सकाळची गाडी हाय ना. मी उठवते तिला. मीच घेऊन येते."

"फुई, एकच गाडी आहे. ती चुकली तर काही खरं नाही."

"आजवर कुणाची चुकलीय का माझ्यानं?" ती बाहेर आली होती, हात पदराला पुसत. "इचारा पाड्यात. मी हाय ना."

गुरुजी हसले. बासुद्धा हसला. खरंच कुणाची चुकली नव्हती. मला आठवतं, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, की फुई माझ्याबरोबर येणार. एखाद्या अनोळखी खोलीत गुरुजींच्या बायकोसमोर मला संकोच वाटला असता. आता वाटतं की तेव्हा जरा संकोच वाटला असता तर काय बिघडलं असतं.

ते वैशाखातले दिवस होते. झाडांवर काजवे भरून आलेले, हवेत आंब्यांचा वास, आणि वर ढग. पाऊस नव्हे, नुसते ढग, संध्याकाळी दाटायचे आणि रात्रभर हलायचे नाहीत. बरेच दिवस आम्ही खळ्यावर जाऊन नुसतंच पडून येत होतो. फुई म्हणायची, "आज सगळे दारं लावून बसलेत." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पाढे म्हणायची. ती पाढ्यांमध्ये काही भर घालू शकत नव्हती, पण मी अडखळले की तिला कळायचं. "हां, घसरली," म्हणायची.

परीक्षेच्या आदल्या रात्री आईनं माझं डोकं धुवून तेल लावलं. नागलीच्या भाकरी, चटणी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून ठेवला. बानं त्याची बॅटरी दिली, नवे सेल घातलेली. सगळ्यांनी मला लवकर निजवलं, आणि मी निजलेही, कारण ती बाहेर बसली होती. फुई त्या रात्री झोपली नाही हे मला नंतर कळलं. खळ्यावर घोंगडी पांघरून ती ढग फाटायची वाट बघत होती.

तिनं मला हलवलं तेव्हा घरात गच्च अंधार. "उठ गं, हिरे. आली बघ." मी डोळे चोळत बाहेर आले. सगळं आकाश काळं, आणि पूर्वेला डोंगराच्या वर ढगांत एक फट, पायलीच्या तोंडाएवढी. तिच्यात एकच चांदणी, मोठी, पिवळसर. बाकी कुठं काही नाही. बाज नाही, विंचू नाही. मी विचारलंसुद्धा, "फुये, हीच का खरी?" ती म्हणाली, "फसवी वर गेली असंल ढगात. हीच खरी. चल, तोंड धू." तिचा आवाज घाईचा होता. आयुष्यभर पाड्याला सांगितलं, शेजाऱ्यांना विचारा, आणि त्या एका रात्री शेजारी नव्हते आणि तिला माझी काळजी होती. मी आता तिच्या वयाची झाले आहे आणि मला ती काळजी चांगली कळते. गॅसचं बटण बंद आहे हे बघायला मी जिन्यातून परत वर येते. कुठंही जायचं असलं की तासभर आधी जाऊन बसते. सून म्हणते, "आई, स्टँडवाले तुम्हाला पगार देतात का?" मी हसते. काळजीत माणूस जे बघायचं असतं तेच बघतो.

आम्ही डोंगर उतरलो. पुढे फुई बॅटरी घेऊन, मागे मी पिशवी घेऊन. सादडीच्या झाडांवर काजवे एकदम पेटायचे आणि एकदम विझायचे. फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोचलो तर कुणी नव्हतं. फुई म्हणाली, "बघ, पयला नंबर आपला." आम्ही बसलो. भाकरी सोडली. मी गूळ खाल्ला, तिनं नुसती चटणी-भाकर. मग ती म्हणाली, "आता माझी परीक्षा दे. बाजेचे खूर किती?"

"चार."

"चोर किती?"

"तीन."

"झुमक्याचे मणी?"

"सात!"

"नापास," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेडच्या पत्र्यावर झोपलेलं कुठलंसं पाखरू फडफडत उठलं.

मग वेळ जायला लागला आणि उजाडेना. पूर्वेला तांबडं फुटेना. कोंबडा नाही, मोटार नाही.  मी फुईकडे बघत होते आणि ती आकाशाकडे. ढग हळूहळू सरकत होते. ज्या चांदणीला बघून आम्ही निघालो ती आता चांगलीच वर चढलेली होती, एका दुसऱ्या फटीत, आणि अजून अंधार तसाच. आणि मग बऱ्याच वेळानं खाली, डोंगराच्या कडेला, ढगांच्या कोरीतून दुसरी उगवली. पहिलीपेक्षा मोठी, पांढरीशुभ्र, इतकी तेजस्वी की शेडपुढच्या गुरांच्या डोणीतल्या पाण्यात तिची रेघ पडली. तिला बघितल्यावर कुणालाही शंका आली नसती. फुई उठून उभी राहिली. "ती बघ," ती म्हणाली. "आता आली."

मला वाटलं ती रडेल. पण ती खाली बसली आणि गालात हसली. "फसवलं गं तिनं मला. म्हातारपणी." मलाही हसू आलं, कारण त्यात वाईट असं काय होतं? उशीर थोडाच झाला होता. उलट वेळच वेळ होता. "नीज तू," ती म्हणाली. "परीक्षेत पेंगायचं नाय. मी हाय ना." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं घोंगडी माझ्यावर टाकली. तिच्या लुगड्याला धुराचा आणि तपकिरीचा वास होता. दूर कुठंतरी पहाटेचा पहिला पक्षी बोलला, आणि बस, तेवढंच मला आठवतं.

आम्हाला जागं केलं ते आंब्यांच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या एका बाईनं. ऊन शेडमध्ये आलं होतं. "अगं फुये, अजून इथंच निजली? गाडी तर कवाच गेली ना!"

फुई खाडकन उठली. "गेली? थांबली नाय?"

"थांबली ना. मीच तर हात केला, पोराला बसवून दिला. मला वाटलं तुम्ही रातीच्या गाडीनं उतरल्या, उजाडायची वाट बघताय. उठवायचं कशाला म्हटलं, दमल्या असतील."

तिनं उठवलं नव्हतं ते चांगल्या मनानंच. गाडी शेडसमोर थांबली, सुटली, आणि रात्रभर जागलेली फुई त्या आवाजानंही उठली नव्हती. फसवीनं तिची झोप आधीच खाऊन टाकली होती.

नंतर एक जीप मिळाली पेठपर्यंत, पेठहून दुसरी गाडी.  सबंध वाटेत फुई प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हरच्या मानेकडे बघायची. नाशिकला शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पोरी बाहेर येत होत्या, वेण्या घातलेल्या, पेपर हातात धरून एकमेकींना उत्तरं विचारत. गुरुजी समोर निंबाच्या झाडाखाली उभे होते. रागावले नाहीत. आतल्या बाईंशी बोलले, बाईंनी आम्हाला पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि म्हणाल्या की आता काही करता येणार नाही, पुढच्या वर्षी जरूर या. गुरुजींनी फुईला एवढंच विचारलं, "काय झालं, फुई?" आणि फुई म्हणाली, "माझ्या डोळ्यानं खाल्ली हो पोरीची शाळा."

पुढच्या वर्षी आईला धाकट्या भावाच्या वेळी दिवस गेले होते, आणि मी बागेत होते, कात्री घेऊन, द्राक्षाच्या घडांतले बारीक मणी काढत. तिथून एका ओळखीनं नाशिकच्या इंदिरानगरला एका घरी कामाला आले, आणि अजून इंदिरानगरलाच आहे. माझं गाव नकाशावर इथून फार लांब नाही. पण मीच लांब राहिले. ज्यांच्या घरी आले त्या काकू निवृत्त शिक्षिका होत्या. त्या भाजी निवडत बसायच्या आणि मला मोठ्यानं पेपर वाचायला लावायच्या. अडखळले की वर न बघता शब्द सांगायच्या. आज मी ही चार पानं लिहिते आहे ते त्यांच्या मेथीच्या जुड्यांमुळे. माझ्या नशिबाबद्दल मला तक्रार करायची नाही, कुणाला तसं वाटू नये म्हणून हे स्पष्ट सांगते. मला लोक चांगले भेटले. शाळा गेली त्याचं मी आता रडत नाही.

मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी परतलो तेव्हा कुणी फुईला एक शब्दही बोललं नाही. आईनं तिला ताट वाढलं, वरईचा भात, उडदाचं पातळ वरण, एरवीपेक्षा जरा जास्तच. बा म्हणाला, "जाऊ दे अक्का. होतं कवा कवा." आणि पुढच्या बाजाराला त्यानं पेठहून एक गजराचं घड्याळ आणलं. लाल रंगाचं, वर दोन वाट्या असलेलं. त्यानं ते प्रेमानं आणलं होतं. "आता अक्काला रातभर जागायला नको," असं तो सगळ्यांना सांगत होता. ते कोनाड्यात ठेवलं, जिथं आधी फुईचा तपकिरीचा डबा असायचा. डबा तिनं स्वतःच उचलून घेतला.

त्यानंतर फुई खळ्यावर गेली नाही. जेवली की कुडाकडे तोंड करून निजायची. पाड्यातले लोक तिला सांगायला येईनासे झाले, आणि आमच्या घड्याळाचं नाव घेऊन सांगायचे, "तुमचा गजर वाजला की मलाही हाक मारा." कुणीतरी एकदा पाणवठ्यावर म्हणालंही, "काय फुये, शुक्र जेवून येतो का हल्ली?" ती हसली. मी तिथंच होते, घागर डोक्यावर घेऊन. ढग गेल्यावर आकाश पुन्हा लख्ख झालं होतं. बाज होती, विंचू होता, सगळे शेजारी आपापल्या जागी होते, आणि मी एकटी खळ्यावर जाऊन बसायची. एकदोनदा तिला हाक मारली. ती म्हणाली, "तू बघ. माझं डोकं दुखतं." मी तिला ओढून आणायला हवं होतं. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं कळत नाही, असं काकू मला म्हणाल्या होत्या. काकूंचं बरोबर असेल.

इंदिरानगरला पहाटे नळाला पाणी येतं. टाकी भरली का बघायला मी गच्चीवर जायचे. तिथं पहिल्यांदा पूर्वेला मला ती मोठी चांदणी दिसली, आणि मी थबकले. काकू मागे तुळशीला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "तो गुरू. शुक्र अजून यायचाय." मग त्यांनीच सांगितलं की गुरू एका जागी राहत नाही. पहाटे दिसायला लागला की रोज थोडा थोडा लवकर उगवत जातो, महिन्याभरात त्याची वेळ पार बदलते, आणि शुक्र मात्र उजाडायच्या आसपासच घुटमळतो. मी बादली हातात धरून उभी राहिले. म्हणजे ढग यायच्या आधी फुईनं जी फसवी बघितली होती ती शुक्राच्या जरा पुढे होती. ढगांच्या आड ती रोज पुढे पुढे सरकत गेली, कुणाला न सांगता, आणि फट पडली तेव्हा ती आली. फुईचा डोळा चुकला नव्हता. तिला इतके दिवस कुणी बघू दिलं नव्हतं, एवढंच. आता तर आमच्या गच्चीवरून कधी कधी त्या दोघीच दिसतात. बाकी सगळं रस्त्यावरच्या दिव्यांनी पुसून टाकलंय. विचारायला शेजारीच नाहीत.

हे मी फुईला सांगायचं ठरवलं, आणि सांगायला मला किती वर्षं लागली ते लिहवत नाही. जायचे तेव्हा घर भरलेलं असायचं, मुलं लहान असायची, मी पुन्हा सकाळच्या गाडीच्या धास्तीत असायची. शेवटी गेले तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ती ऑपरेशनला तयार नव्हती. ती ओट्यावर बसली होती. मी तिच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. गुरू, त्याचं रोज लवकर येणं, ढग.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"कधी कळलं?"

"तवाच. फाट्यावर. खरी उगवली तवा दोघींत केवढं अंतर पडलं होतं. म्हटलं, ही लय पुढं आली की गं, ढगाआड असताना."

"मग बोलली का नाहीस कधी? बाला सांगायचंस."

"काय सांगू?" ती म्हणाली. "त्यानं घड्याळ आणलं होतं ना."

 आईनं आतून जेवायला हाक मारली.

रात्री मी तिच्याशेजारीच अंथरूण टाकलं. दुसऱ्या दिवशी मला सकाळच्या गाडीनं परत यायचं होतं. पडल्यावर मी तीन वेळा पिशवी तपासली, पाण्याची बाटली भरली का बघितली, आणि उशीखालून मोबाईल काढला. अंधारात फुई हळूच म्हणाली, इतकी हळू की मी नीट ऐकायला हवं होतं, "नीज तू. मी हाय ना."

आणि मी, सवयीनं, मोबाईलवर बोट फिरवत म्हटलं, "असू दे फुये, गजर लावलाय."

 तिनं कूस बदलल्याचा आवाज आला.

गजर वाजला तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. मी घाबरून बाहेर आले. फुई खळ्यावर होती. काठी टेकत एकटी चढून गेली असावी. तीच घोंगडी अंगावर, तोंड पूर्वेकडे. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं मान न वळवता विचारलं, "हिरे, आल्या का गं दोघी?"

मी वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. बाज उत्तरेला उतरली होती, विंचू मावळतीला निघाला होता, आणि डोंगरावर एकीखाली एक अशा दोघी होत्या.

"आल्या," मी म्हटलं.

"मागली पण?"

"मागची पण."

"हां." तिनं मान हलवली. "म्हंजी बरोबर. मी येतच होते तुला उठवायला. तेवढ्यात तुझा वाजला."